सारा येथील संत मार्तिन चर्च : वास्तुरचना आणि गृहसंस्था

फ्रान्सच्या नैर्ऋत्य सीमेवर, लारून पर्वताच्या पायथ्याशी, सारा हे बास्क खेडे वसले आहे. लापुर्दी प्रांतातील या गावचे संत मार्तिन चर्च बाहेरून पाहता जाड भिंतींची साधी दगडी वास्तू वाटते. आत मात्र बाजूच्या भिंतींना लागून एकावर एक असे तीन मजली लाकडी सज्जे उभारलेले दिसतात. दगडी वास्तूत ही काष्ठरचना का आली, हा विचारणीय प्रश्न होय.

लोकसंख्येची वाढ हे त्याचे एक कारण. सोळाव्या-सतराव्या शतकांत सागरी मासेमारी आणि अमेरिकेतून आलेला मका यांमुळे हा प्रदेश भरभराटीस आला. सज्जांमुळे पाया न वाढविता आसनांची सोय झाली. परंतु एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. मंडपाची भूमी मोकळी नव्हती. ती गावातील घरांमध्ये वाटलेली होती. फरशीखाली त्या त्या घराचे मृत पुरलेले असत आणि त्यावरील जागेवर, म्हणजे ‘यारलेकू’वर, घरधनीण मेणवात लावून त्यांच्यासाठी प्रार्थना करी. खालची भूमी अशा रीतीने मृतांची व स्त्रियांची झाली. पुरुषांचे स्थान वर सज्जांत राहिले.

येथे ‘घर’ आणि ‘घराणे’ यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. यारलेकूचा हक्क रक्तसंबंधास नव्हे, तर घरास जोडलेला होता. घराचा धनी बदलला की तो हक्कही त्याच्याकडे जाई. माणसाची ओळखदेखील घरावरूनच होई. १६०० पासून येथे धर्मगुरू असलेले आणि १६४३ मध्ये ‘गेरो’ हा अभिजात बास्क गद्यग्रंथ प्रसिद्ध करणारे पेद्रो आगेरे हे ‘आशुलार’ या नावाने ओळखले जातात. ते त्यांच्या जन्मघराचे नाव होय.

१७७६ च्या राजाज्ञेने फ्रान्समधील चर्चच्या आत दफन करण्यास बंदी आली. मृत बाहेरच्या दफनभूमीत गेले, तरी बास्क प्रदेशात यारलेकूची प्रथा पुढेही दीर्घकाळ टिकली. निर्वासित म्हणून १९५३ पर्यंत साऱ्यात राहिलेले मानवशास्त्रज्ञ होसे मिगेल दे बारांदियारान यांनी घर, चर्च व दफनस्थान यांच्या या एकात्मतेचा सविस्तर अभ्यास केला. तात्पर्य, या चर्चचा आराखडा केवळ उपासनेच्या गरजेतून समजत नाही. तो गावातील घरांचाच आराखडा आहे.