रेणूंची स्वयंरचना आणि अर्थशास्त्राचा मोह

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने रसायनशास्त्राच्या प्रांतात शिरू नये, हा शिष्टसंकेत येथे मोडावा लागत आहे. कोणीही हुकूम न सोडता आपोआप निर्माण होणारी सुव्यवस्था ही कल्पना ॲडम स्मिथपासून आमच्या शास्त्राने जिवापाड जपली आहे. कार्बनचे पिंजरे द्रावणात आपणहून शिस्तीने रचले जातात, हे वाचल्यावर 'पाहा, निसर्गातही अदृश्य हात आहे!' असे म्हणण्याचा मोह आमच्यापैकी अनेकांना होईल. तो आवरावा, असे मला वाटते. आणि त्याची कारणे त्या रेणूंच्या वर्तनातच आहेत.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात १९८५ साली क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना सहकाऱ्यांसह ६० कार्बन अणूंचा पोकळ रेणू सापडला. १२ पंचकोन व २० षट्कोन यांनी सांधलेला हा हुबेहूब फुटबॉल! (शोध चालला होता ताऱ्यांभोवतीच्या कार्बनच्या साखळ्यांचा, हाती आला चेंडू.) घुमटकार बकमिन्स्टर फुलर यांच्यावरून त्यास फुलरीन हे नाव मिळाले, आणि १९९६ साली तिघांना नोबेल पारितोषिक. दरम्यान १९९० मध्ये क्रॅचमर व हफमन यांनी हेलियम वायूत ग्रॅफाइट तापवून, त्याच्या काजळीतून हा पदार्थ हाताळता येईल एवढ्या प्रमाणात मिळविला.

नुसते चेंडू एकत्र आले तर फळवाल्याच्या गाडीवरील संत्र्यांप्रमाणे रचले जातात. त्यात नवल नाही. नवल आहे ते चेंडूला शेपूट लावल्यावर. टोकियो विद्यापीठातील एइची नाकामुरा व त्यांचे सहकारी यांनी पिंजऱ्याच्या एका पंचकोनाभोवती पाच सेंद्रिय गट जोडले. अशा एका रेणूचे पोटॅशियम-क्षार पाण्यात विरघळविले असता सुमारे १२ हजार रेणू एकत्र येऊन दुहेरी भिंतीची पोकळ गोळी तयार होते, हे २००१ साली प्रसिद्ध झाले. गोळीची त्रिज्या अवघी १७ नॅनोमीटर. पाणी टाळणारे भाग भिंतीत दडतात, विद्युतभारित भाग पाण्याकडे तोंड करतात. पुढच्याच वर्षी याच गटाने बॅडमिंटनच्या फुलासारखे रेणू घडविले. ते डब्यातल्या फुलांप्रमाणे एकात एक बसून लांब स्तंभ बनतात.

येथे 'आपोआप' या शब्दाचा अर्थ नीट पाहावयास हवा. रेणू सौदा करीत नाहीत, त्यांना हेतू नसतो. रचना घडते ती प्रामुख्याने दुबळ्या आकर्षणांमुळे. ही आकर्षणे दुबळी असतात म्हणूनच चुकीच्या जागी बसलेला रेणू सुटून पुन्हा योग्य जागी बसू शकतो. बंध बळकट असते तर पहिलीच चूक कायमची गोठली असती. शिवाय कोणता गट कोठे जोडावयाचा, हे रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत आधीच ठरविलेले असते. स्वयंरचनेचे श्रेय रेणूंना देताना, नियम कोणी घडविले हा प्रश्न विसरून चालणार नाही. बाजारपेठेचे गोडवे गाणारेही नेमका हाच प्रश्न विसरतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपोआप होणारी रचना आपल्या सोयीची असेलच, असे नाही. १९९५ पासून पीसीबीएम नावाचे फुलरीनचे एक रूप प्लॅस्टिकच्या सौर घटांत वापरले जाऊ लागले. बहुवारिकाबरोबर त्याचे मिश्रण पसरले आणि द्रावक उडाला, की दोन्ही पदार्थ आपापले कप्पे करतात. प्रकाशाने उत्तेजित झालेली ऊर्जा सुमारे १० नॅनोमीटरच प्रवास करते, म्हणून कप्पे तेवढेच बारीक हवेत. २००१ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथील संशोधकांनी टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीन हा द्रावक वापरला आणि घटाची कार्यक्षमता जवळजवळ तिप्पट होऊन २.५ टक्क्यांवर गेली. पदार्थ तेच, केवळ वाळण्याची रीत बदलली! परंतु हाच घट दीर्घकाळ तापत राहिला, तर पीसीबीएमचे रेणू एकत्र येतच राहतात, मोठे स्फटिक बनवितात आणि कार्यक्षमता घसरते. रेणूंच्या दृष्टीने तो समतोलाकडे प्रवास. आपल्या दृष्टीने नुकसान. समतोल म्हणजे कल्याण नव्हे, हे वर्गात सांगण्यासाठी मला याहून स्वच्छ उदाहरण आढळलेले नाही. म्हणून संशोधक रेणूंना मध्येच अडविण्याचे, रचना अर्धवट गोठविण्याचे उपाय शोधीत राहिले.

तथापि २०१५ नंतर फुलरीन नसलेल्या पदार्थांनी या घटांत बाजी मारली. त्यांची कार्यक्षमता आज १८ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मग वीस वर्षांचा खर्च वाया गेला काय? हिशेबनीस 'होय' म्हणेल. परंतु कप्पे किती बारीक हवेत, द्रावक कसा निवडावा, फिल्म कशी वाळवावी हे सारे ज्ञान फुलरीनवरच मिळविले गेले आणि नव्या पदार्थांनी ते आयते उचलले. असे ज्ञान कोणत्याही ताळेबंदात जमेच्या बाजूस दिसत नाही. सार्वजनिक निधी मागताना विद्यापीठांची पंचाईत होते ती येथेच. पीसीबीएम मात्र अडगळीत गेलेले नाही. पेरोव्स्काइट सौर घटांच्या काही प्रकारांत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा पातळ थर म्हणून ते वापरले जाते.