अभाव आणि लोप : योगिनी-सूचीची संगणकीय मांडणी

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरातील वर्तुळाकार ओवरीत प्रत्यक्षात 81 देवकोष्ठे आहेत. अनेक मूर्तींच्या पीठांवर नावे कोरलेली आढळतात. त्यांची सूची संबंधात्मक डेटाबेसमध्ये करताना सर्वांना समान असलेला कोष्ठक्रमांक स्वतंत्र रकान्यात असावा. वाहन, आयुधे, पीठलेख हे मूर्तिपरत्वे बदलणारे तपशील आज्ञावलीने जेसॉन रूपात गुंफून एकाच रकान्यात ठेवावेत. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये 2014 पासून त्यासाठी ‘जेसॉनबी’ हा प्रकार आहे. मात्र पीठलेख मुळातच नसेल, तर ‘पीठलेख’ हे पद नोंदीतून वगळावे. तो झिजून अवाच्य झाला असेल, तर पद ठेवून मूल्य ‘नल’ द्यावे. मूल्य मजकूररूपात मागवल्यास दोन्ही प्रसंगी उत्तर ‘नल’च येते. म्हणून पदाचे अस्तित्व निराळे तपासावे. अन्यथा तौलनिक अभ्यासात लोप हाच अभाव ठरतो.