एक 'का' राहिला

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाबा ट्रक घेऊन लांब गेले होते. त्यांचा फोन लागेना. म्हणून मी मुंबईच्या काकांना मेसेज केला, "काका, बाबा गणपतीला येणार". प्रश्नचिन्ह राहिले! काकांना वाटले, भाऊ घरी जातोय. त्यांनी रजाच घेतली नाही. बाबांनाही सुट्टी मिळाली नाही. आजोबांनी एकट्यानेच गणपती आणला.

बोलताना आवाज चढवला की प्रश्न कळतो. लिहिताना आवाज कुठून आणणार?

एस्पेरांतो नावाची एक भाषा आहे. झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती मुद्दाम तयार करून १८८७ साली प्रसिद्ध केली. आपल्या जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबाही ती शिकले होते. त्या भाषेत 'वी वेनास' म्हणजे 'तू येतोस'. त्याच्या आधी 'चु' लावले, की झाला प्रश्न : 'चु वी वेनास?' म्हणजे 'तू येतोस का?'

आपला 'का' दोन कामे करतो. 'तू आलास का?' आणि 'तू का आलास?' तिकडे दुसऱ्या 'का'ला 'कीअल' असा वेगळा शब्द आहे. 'कुठे'ला 'कीए' आणि 'केव्हा'ला 'कीअम' म्हणतात. उत्तरात 'क'चा 'त' होतो : 'तीए', 'तीअम'. आपलेही तसेच की! केव्हा–तेव्हा, कसा–तसा.

आपल्या शिवथरघळीशी नाते असलेल्या दासबोधाची सुरुवातसुद्धा श्रोत्यांच्या प्रश्नानेच होते. म्हणून प्रश्न जरूर विचारा, पण नीट विचारा.

यंदा मी काकांना "येणार का?" असे लिहिले. काकांचे उत्तर आले, "हो."