धार किती बारीक असावी? काम पाहून दगड निवडा

दादरच्या शिवाजी पार्क परिसरात, रानडे रोड किंवा केळुसकर मार्गाच्या आसपास, सकाळच्या वेळी धारवाल्याची हाळी अजून अधूनमधून ऐकू येते. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचे, पट्ट्यावर फिरणाऱ्या दगडाला पाते टेकवायचे. ठिणग्या उडतात आणि दोन मिनिटांत काम संपते. गिऱ्हाईक पैसे देते व सुरी घेऊन वर जाते. आठ दिवसांनी त्या सुरीने टोमॅटो कापला जात नाही, नुसता दाबला जातो. मग त्या घरातून धारवाल्याला पुन्हा हाक येत नाही, बाजारातून नवी स्वस्त सुरी येते. धारवाल्याचे एक गिऱ्हाईक कायमचे तुटते आणि चांगले पोलाद अडगळीत पडते.

धारवाले, खाटीक, न्हावी, शिंपी, चामड्याचे कारागीर या सर्व धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. या सर्वांची रोजी धारेवर चालते. म्हणून धार किती बारीक करावी व किती चमकवावी, या प्रश्नाचा विचार आम्ही या पानावर करीत आहोत.

शिकलगारांचा वारसा

सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांत शिकलगार हे आडनाव सर्वांच्या परिचयाचे आहे. या शब्दाचे मूळ अरबी 'सैकल' म्हणजे जिल्हई, चकाकी यात आहे. त्याला फारसी 'गर' जोडून 'सैकलगर' झाला, म्हणजे हत्याराला जिल्हई देणारा. शस्त्राला धार देऊन ते चमकविणे हे एक स्वतंत्र हुनर होते, हे या नावावरूनच कळते. धार लावणे म्हणजे लोखंड दगडावर घासणे एवढेच नव्हे, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

नंबर म्हणजे काय?

धार लावण्याच्या दगडावर नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितका दगडातील कण बारीक. २२० नंबरच्या दगडाचा कण साधारणपणे माणसाच्या केसाच्या जाडीचा असतो. १००० नंबरचा कण त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरतो. ६००० नंबरचा कण तर केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढा लहान असतो. मात्र जपानी, युरोपी व अमेरिकी नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. दुकानदाराने नंबर सांगितला, तर तो कोणत्या पद्धतीचा हेही विचारावे.

पूर्वी आपल्याकडे कुरुंदाचा दगड वापरीत. १८९० च्या दशकात अमेरिकेत ॲचेसन यांनी वाळू व कोळसा विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन कार्बाइड बनविले आणि कृत्रिम दगडांचे युग सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रातही १९४१ साली उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीने असे दगड बनविण्यास आरंभ केला. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एका अंगाने जाड व दुसऱ्या अंगाने बारीक असा दगड बहुधा याच जातीचा असतो.

बारीक धार नेहमीच चांगली का नाही?

जाड दगडाने लावलेली धार भिंगातून पाहिली, तर करवतीसारखे सूक्ष्म दात दिसतात. दगड बारीक करीत गेले की दात लहान होतात आणि शेवटी काठ जवळजवळ सरळ होतो. आता ज्या कामात सुरी मागे-पुढे ओढून कापायचे असते, तेथे हे दातच उपयोगी पडतात. टोमॅटोची साल, मांसाचा पडदा, दोरी यांना दात पकडतात. अति चमकविलेली सुरी त्यांच्यावरून घसरते. उलट जेथे पाते सरळ दाबून चालवायचे असते, उदाहरणार्थ दाढी किंवा लाकडाचे तासकाम, तेथे दात त्रासदायक ठरतात आणि गुळगुळीत काठच हवा.

कामानुसार ढोबळ मानाने निवड अशी करावी :

मासळीचा कोयता व खाटकाचा सत्तूर : यांना हाड व काटे सोसायचे असतात. गोपी टँक मंडईत कोळीण मावशी सुरमईच्या तुकड्यासाठी कोयत्यावर लाकडी दांडका मारते, हे सर्वांनी पाहिले आहे. येथे बारीक धारेपेक्षा जाड, मजबूत कोन महत्त्वाचा. प्रत्येक बाजूला २५ ते ३० अंश कोन व २२० ते ४०० नंबरचा दगड पुरे.

घरातील सुरी व विळी : सुरीला प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश. ४०० वर काठ तयार करून ८०० ते १००० वर थांबावे. साध्या स्टेनलेस सुरीचे पोलाद नरम असते. तिला ६००० पर्यंत नेले, तरी ती चमक चार दिवसांत उतरते. मेहनत वाया जाते.

शिंप्याची कात्री : पात्यांची आतली सपाट बाजू घासू नये, फक्त तिरपा काठ घासावा. काठ फार गुळगुळीत केल्यास नायलॉनसारखे कापड पुढे सरकते.

चामड्याची रापी व न्हाव्याचा वस्तरा : येथे मात्र शेवटपर्यंत जावे. १००० नंतर ४००० ते ८००० आणि त्यानंतर चामड्याचा पट्टा.

कुर्बानीची सुरी

या बाबतीत आपल्यावर अधिक जबाबदारी आहे. ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, प्रत्येक काम उत्तम रीतीने करावे, आणि जबह करतानाही सुरीला चांगली धार लावून जनावराला आराम द्यावा. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरी घासू नये, अशीही शिकवण आहे.

लोकर व कातडीमुळे धार लवकर मोडते. म्हणून ही सुरी लांब, खाच नसलेली असावी. १००० नंबरच्या आसपास एकसारखी धार लावून ती चामड्यावर हलकेच फिरवावी. दात थोडे राहिले पाहिजेत, पण खाच एकही नको. खाच पाहण्यासाठी बोट फिरवू नये. कापसाचा बोळा धारेवरून अलगद ओढावा. जेथे तंतू अडकतील, तेथे खाच आहे असे समजावे. एकापेक्षा अधिक जनावरे असतील, तर दुसरी सुरी तयार ठेवावी. ईदच्या आदल्या रात्री घाईने लावलेल्या धारेवर भिस्त ठेवू नये.

दोन चुका टाळा

पहिली चूक म्हणजे उलटलेला काठ तसाच ठेवणे. एका अंगाने घासल्यावर पोलादाची अतिशय पातळ कड दुसऱ्या अंगाला वळते. हात लावला तर सुरी फार तीक्ष्ण वाटते, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. पण दोन-चार वेळा कापताच ती कड दुमडते आणि धार गेली असे वाटते. सुरुवातीला सांगितलेल्या टोमॅटोचे रहस्य बहुतेक वेळा हेच असते. दोन्ही अंगांनी आळीपाळीने, दाब कमी करीत, बारीक दगडावर व मग चामड्यावर सुरी फिरविली, की ही कड निघून जाते. यास जेमतेम दोन मिनिटे जास्त लागतात.

दुसरी चूक म्हणजे पाते तापविणे. फिरत्या दगडावर जोर दिला, की काठ क्षणात तापतो. साध्या पोलादावर निळा रंग आला, तर उष्णता ३०० अंश सेल्सिअसच्या घरात गेली व पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग नरम पडतो आणि कितीही घासले तरी धार टिकत नाही. म्हणून पाते वरचेवर पाण्यात बुडवावे.

धंद्याच्या दृष्टीने

आमची धारवाले बांधवांना सूचना अशी की, फिरत्या दगडाबरोबर एक १००० नंबरचा हाताचा दगड आणि चामड्याची एक पट्टी जवळ ठेवावी. हा खर्च मोठा नाही. सुरी हातात घेताच विचारावे : हिने काय कापता, पोलाद कोणते, धार किती दिवसांत जाते? साध्या धारेचा भाव वेगळा आणि हातदगडावर पुरी केलेल्या धारेचा वेगळा ठेवावा व तो आधीच सांगावा. जेथे चमक नको, तेथे चमकविण्याचे पैसे घेऊ नयेत. पाते फार झिजले असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

गिऱ्हाइकांनीही दोन मिनिटे थांबावे आणि नीट केलेल्या कामाचे दोन पैसे जास्त द्यावेत. जो कारागीर कड काढूनच सुरी परत करतो, त्याने माप पुरे दिले आहे. त्याची रोजी हलाल आहे आणि पुढच्या खेपेस त्याला वरच्या मजल्यावरून हाक येईल.