मालगुजारी वाड्यातला मुक्काम

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले घर, पाहुण्यांसाठी चार-दोन खोल्या आणि सकाळी घरच्याच स्वयंपाकघरातली न्याहारी, हा व्यवसाय इंग्लंडमध्ये चांगलाच रुजलेला आहे. महाराष्ट्र शासनाची 'निवास व न्याहारी' योजना त्याच धर्तीची आहे. पूर्व विदर्भातल्या नागभीडसारख्या जंगलपट्ट्यात तिचा विचार करायचा, तर आधी त्या काळातली घरे कोणाच्या ताब्यात आहेत हे पाहावे लागते.

नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाल्यानंतर इंग्रजी अंमलात वन, बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांनी दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी ठिकठिकाणी बंगले बांधले. त्यांतले जे टिकले ते आज सरकारी विश्रामगृहे आहेत. दुसरा प्रकार मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्यांच्या, वाड्यांचा. 1860 च्या दशकातल्या जमाबंदीने मध्य प्रांतात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली आणि त्या सुबत्तेतून पूर्व विदर्भात मोठे वाडे उभे राहिले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा मालगुजारांचे तलाव सरकारकडे गेले. राहते वाडे मात्र कुटुंबांकडेच राहिले. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत मालकाने त्याच घरात राहणे बंधनकारक आहे आणि मर्यादा सहा खोल्या व बारा खाटांची आहे. त्यामुळे विश्रामगृह कितीही देखणे असले, तरी या व्यवसायाला खरा साजतो तो वाडाच.

इथे पाहुणे येतील ते मुख्यतः वाघासाठी. ताडोबा व्याघ्रप्रकल्पाला जाणाऱ्यांना नागभीडहून चिमूरमार्गे कोलारा प्रवेशद्वार गाठता येते. नागभीडच्या जवळच घोडाझरी तलाव आहे आणि त्याच्या परिसराला 2018 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक असल्याने पाहुणे नेमके उन्हाच्या काहिलीत येतात. शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा तेव्हा 45 अंशांच्या पुढे जातो. जुन्या घराचे मोल इथे कळते. जाड भिंती दुपारची उष्णता उशिरा आत सोडतात, उंच छपराखाली गरम हवा वर चढते आणि झरोक्यांतून बाहेर पडते, ओसरी भिंतींवर ऊन पडू देत नाही. वातानुकूलन यंत्रासाठी झरोके बुजवले आणि खाली फॉल्स सीलिंग ठोकले, की ही सारी रचना निकामी होते. झरोके उघडे ठेवावेत, त्यांना जाळी लावावी आणि यंत्र एखाद्याच खोलीत बसवावे, हे जास्त शहाणपणाचे.

दुरुस्तीतली सर्वांत मोठी चूक सिमेंटची. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. वरून सिमेंटचा गिलावा दिला, की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात आणि भिंतीत बसवलेली सागवानी तुळई टोकाशी कुजू लागते. म्हणून चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. न्हाणीघर प्रत्येक खोलीला द्यावे लागते, पण त्यासाठी जुनी भिंत फोडू नये. मागच्या ओसरीत नवे बांधून पाण्याचे नळ मुख्य भिंतीपासून दूर नेले, तर वाळवीलाही आमंत्रण मिळत नाही.

न्याहारीत तर या तालुक्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. देशभर खपणारे एचएमटी हे धानाचे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून वाढवले. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. पाहुण्याला पाव-जॅम देण्यापेक्षा तांदळाच्या पिठाची धिरडी, तर्रीचे पोहे द्यावेत आणि या तांदळाची हकीकत सांगावी. पहाटेच्या सफारीला निघणाऱ्यांना न्याहारी डब्यात बांधून द्यावी लागते, म्हणजे चूल चारच्या आधीच पेटते. दिवाळीनंतर या भागातली झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, तेव्हा रात्रभर नाटक पाहून आलेल्या पाहुण्याची न्याहारी उशिरा लागते.

कागदपत्रे फारशी नाहीत, पण चुकवण्यासारखीही नाहीत: पर्यटन विभागाकडची नोंदणी, अन्नसुरक्षेची नोंदणी, पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही आणि परदेशी पाहुणा आल्यास 24 तासांत सरकारला द्यायची त्याची माहिती.

हिशेबात अवघड जागा येते ती पावसाळ्याच्या तोंडावर. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा बंद असतो आणि उत्पन्न आटते. छपराचे कवेलू मात्र त्याआधी, म्हणजे मे महिन्याच्या भर हंगामात फेरावे लागतात. यावर सोय एकच: मेच्या मध्यापासून पाळीपाळीने एकेक खोली पाहुण्यांसाठी बंद ठेवायची, तेवढ्या भागाचे छप्पर उरकायचे आणि त्या बुडालेल्या भाड्याची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच दुरुस्तीच्या खर्चात धरायची.