एस्टोनियाचा नंबर सोळावा का?

एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम 13 लाख, आपल्या गोव्याहूनही कमी. तरी जागतिक नवोन्मेष निर्देशांकाच्या 2024च्या यादीत 133 अर्थव्यवस्थांमध्ये त्याचा नंबर 16वा! लिथुआनिया 35वा, शेजारचा लाटव्हिया 42वा. तिघेही 1991 साली सोव्हिएत संघातून बाहेर पडले, तेव्हा खिशात रुबल तोच आणि डबघाईला आलेले कारखानेही तसेच. मग एवढं अंतर पडलं कुठून?

हा निर्देशांक शिक्षण, संशोधनावरचा खर्च, पेटंट, भांडवल, ऑनलाइन सरकारी सेवा अशा सुमारे 80 गोष्टी तपासतो. त्यातल्या बऱ्याच लोकसंख्येच्या किंवा अर्थव्यवस्थेच्या आकाराच्या प्रमाणात मोजल्या जातात. त्यामुळे चिमुकल्या देशात एखादी कंपनी तुफान चालली, तरी आकडे हलतात.

टॅलिनमध्ये ती कंपनी होती स्काइप. मालक एक स्वीडिश, एक डॅनिश. पण प्रोग्रॅम लिहिला एस्टोनियन पोरांनी. या शहरात 1960 पासून सायबरनेटिक्सची संस्था होती, त्यामुळे संगणक तिथे काही परग्रहावरून आला नव्हता. 1996 मध्ये ‘टायगर लीप’ योजनेतून तो शाळाशाळांत नेण्याचं ठरलं. 2001 मध्ये सरकारी खात्यांना जोडणारा एक्स-रोड आला. यात सगळ्यांची माहिती एका कोठारात साठवत नाहीत. ती ज्या त्या खात्याकडेच राहते आणि गरजेपुरती सुरक्षित वाटेने मागवली जाते. एकदा दिलेली माहिती सरकारने नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, हे तिथलं तत्त्व. झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन खिडक्या पालथ्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे परीकथेसारखंच वाटणार! 2005 मध्ये ईबेने स्काइप 2.6 अब्ज डॉलरला घेतली. तिचा पहिला कर्मचारी तावेत हिनरिकुस, त्याने 2011 मध्ये जोडीदारासोबत पैसे पाठवण्याची कंपनी ट्रान्सफरवाइज काढली. एका यशाने पुढच्याला माणसं पुरवली.

पण म्हणून लिथुआनिया मागे? मला तरी तसं म्हणवत नाही. व्हिल्नियसच्या प्रयोगशाळांत 1960च्या दशकापासून लेझरवर काम चालू आहे आणि आज तिथल्या कंपन्या फेमटोसेकंद लेझर जगभर विकतात. फेमटोसेकंद म्हणजे किती? तेवढ्या अवधीत खुद्द प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीचा शंभरावा भाग ओलांडू शकत नाही. याच शहरातल्या व्हिर्गिनियुस शिक्श्निस यांनी जनुकं कापणाऱ्या क्रिस्परवरचा शोधनिबंध 2012च्या वसंतात ‘सेल’ या नियतकालिकाकडे धाडला. तो साभार परत आला. दुसरीकडे छापून येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. याच विषयावरचा दाउदना आणि शार्पेंटिये या दोघींचा निबंध जूनमध्येच आला होता. 2018चं कावली पारितोषिक तिघांना मिळालं, 2020चं नोबेल फक्त त्या दोघींना.

लाटव्हियाचा 42वा नंबर बघताना मला मिनॉक्स आठवतो, मुठीत मावणारा, पुढे हेरांचा लाडका ठरलेला कॅमेरा. त्याचा कर्ता वाल्टर झाप रीगात जन्मलेला बाल्टिक जर्मन. कॅमेऱ्याचा पहिला नमुना त्याने टॅलिनमध्ये घडवला, पण त्याचं उत्पादन करण्याची ताकद होती रीगाच्या ‘व्हेफ’ कारखान्यात. 1938 मध्ये तिथून तो बाजारात आला. तेव्हा हा निर्देशांक असता, तर मिनॉक्स कुणाच्या खात्यात मांडला असता?