डोंगरमाथ्यावर पाणी येतं कुठून? क्षेत्र महाबळेश्वर पाहताना

महाबळेश्वरला आपण सगळेच कधी ना कधी जातो. बाजारपेठ, वेण्णा लेक, स्ट्रॉबेरी, दोन-चार पॉइंट, की निघालो परत. ही बाजारपेठ म्हणजे माल्कम पेठ. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, 1828च्या सुमारास वसू लागलेली. तिथून 6 किलोमीटरवरचं क्षेत्र महाबळेश्वर मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. ते नेमकं इथेच का वसलं, हे आज समजून घेऊ.

पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. गोमुखातून पाणी पडत असतं. आता प्रश्न असा, की जवळपास डोंगराच्या माथ्यावरच आपण उभे आहोत. मग हे पाणी येतं कुठून?

उत्तर पायाखालच्या दगडात आहे. सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, पण इथे माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे. जांभा सच्छिद्र. इथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईला 1,000 सुद्धा नाही. हे पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या चिकणमातीशी अडतं आणि जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. म्हणजे जांभा ही या डोंगराची पाण्याची टाकीच. झरा होता म्हणून वस्ती झाली, देऊळ झालं.

इथून जवळच्या कृष्णाबाईच्या देवळापाशी जाऊ. समोर पूर्वेकडे कृष्णेचं खोरं उघडतं. कृष्णा इथून सुमारे 1,400 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. मग आर्थर सीटला जायचं. तिथे पश्चिमेला खोल दरी दिसते ती सावित्रीची. ती कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. वेण्णा आणि कोयना वेगळ्या वाटांनी निघतात, पण माहुलीला आणि कराडला पुन्हा कृष्णेलाच भेटतात. एकाच माथ्यावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, तो असा.

इतका पाऊस पडूनही तालुक्यातल्या काही गावांना एप्रिल-मेमध्ये पाणीटंचाई सोसावी लागते. उतार तीव्र, पाणी धावत खाली जातं. जेवढं मुरलं तेवढंच उरतं. माथ्यावर काँक्रीट ओतलं, झाडं तोडली, की मुरणं कमी होतं आणि त्याच पाण्यावर बोअर मारले की झरे आटू लागतात. 2001 साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यामागे हीसुद्धा काळजी आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला आधी पंचगंगा, मग कृष्णाबाई आणि शेवटी आर्थर सीट, असा क्रम ठेवून पाहा. गोमुखापुढे हात जोडताना, ते पाणी ज्या माथ्यात साठतं त्याच्यावर आपण काय बांधतो आहोत, हेही बघायला हवं.